डावीकडून गळतंय

२३ फेब्रुवारी, सोमवार

नापास. वय त्रेपन्न, एम.ए., सतरा वर्षं साप्ताहिकात विनोदी सदर (वाचक अधूनमधून हसल्याचं कळवतात), आणि आज पोहण्यात नापास.

नियम साधा. टँकच्या खोल बाजूला जायचं तर पगारे मॅडमसमोर दोन लॅप न थांबता मारायचे, मग कार्डावर शिक्का. पहिला लॅप झकास. दुसऱ्याच्या मध्यावर डाव्या गॉगलात पाणी. आधी थेंब, मग चमचाभर, मग आख्खा डोळा क्लोरीनच्या लोणच्यात. थांबले. दोरी धरली. शिट्टी.

पगारे मॅडम काठावरून : "ताई, दम होता ना अजून? मग थांबलात कशाला?"

"गॉगल गळतोय."

"सगळ्याच सांगतात."

सगळ्याच सांगतात! माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान बाई, गळ्यात शिट्टी, आणि माझं समीक्षण दोन शब्दांत. उद्या मी मेले तरी म्हणेल, सगळ्याच मरतात.

पुढची परीक्षा २३ मार्चला.

२४ फेब्रु.

निफाडहून दादाचा फोन. थंडी, द्राक्षं, वहिनीचा गुडघा, सगळं झाल्यावर सहज म्हणून : "नले, मळ्यातली विहीर बुजवतोय. आखाजीला तिथं द्राक्षांच्या पॅकहाऊसचा नारळ फोडायचा."

आमची विहीर!

दादा आणि बापू, माझे दोन्ही भाऊ, त्या विहिरीत पोहायला शिकले. पाठीला पत्र्याचा डबा बांधून आबांनी ढकललं, तिसऱ्या दिवशी डबा सुटला, चौथ्या दिवशी दोघे मासे. मी काठावर. कामगिरी : कपडे सांभाळणे. दोन सदरे, दोन चड्ड्या, आबांचं घड्याळ. सात उन्हाळे सांभाळले, एक बटण हरवू दिलं नाही. "मला पण" म्हटलं की आई म्हणायची, बायका विहिरीत एकाच कामाला उतरतात, ते तुला नकोय. गावातल्या दोघी तशा उतरल्याही होत्या. त्यामुळे त्यापुढे बोलता येत नसे.

"का गं, गप का झाली?"

"मला पोहायचंय तिच्यात. बुजवायच्या आधी."

दादा लय हसला. फोन लांब धरून वहिनीला सांगितलं, परत हसला. "तू? अगं, तू कपडे सांभाळ."

"मी टँकवर जाते दादा. पाच महिने झाले. खोल पाण्याचा शिक्का तेवढा राहिलाय."

"टँक म्हंजे न्हाणीघर. विहीर पस्तीस हात हाय." मग, "त्यांचा खोल पाण्याचा शिक्का आण. शिक्का दाखव अन् उतर. तोवर नाय."

म्हणजे गॉगल गळायचा थांबला तर शिक्का. शिक्का मिळाला तर विहीर. आणि विहीर फक्त आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीया, १९ एप्रिल. माझं सगळं बालपण एका रबरी कडेवर टांगलेलं. बघतेच.

२६ फेब्रु.

मेनरोड, खेळाच्या सामानाचं दुकान. मला नंबरचाच गॉगल लागतो. चष्मा काढला की पायरी आणि पायरीची सावली मला सारखीच. उजवा उणे साडेचार, डावा उणे सहा. तयार गॉगलात दोन्हीकडे एकच नंबर मिळतो, म्हणून उणे पाच. एक डोळा उपाशी, एकाला अजीर्ण.

शेठ गल्ल्यावरून : "पट्टा नका लावू मॅडम. नुसता दाबा. फिटिंग असेल तर आपोआप चिकटेल."

दाबला. हात सोडले. चिकटला! भर दुकानात दोन्ही हात मोकळे आणि तोंडावर गॉगल, बेडकासारखी उभी.

"आणि पाण्यात गळला तर?"

"एकदा पाण्यात गेलेला माल परत घेत नाही."

"पाण्यात घातल्याशिवाय गळतो का ते कळणार कसं?"

"तेच तर म्हणतोय. म्हणून दुकानातच बघून घ्यायचा."

सतरा वर्षं उपरोध लिहिते आहे. गुरू मेनरोडवर बसलाय हे माहीत नव्हतं. घेतला. हा गॉ. २. गळका जुना तो गॉ. १.

२८ फेब्रु.

माझा नवरा अवि पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाला तेव्हापासून त्याला घरात गळणारं काही मिळत नाही. आज मिळालं. बाल्कनीत घमेलं भरलं, मला गॉगल लावला, मान धरून आत. वीस सेकंद. वर. पुन्हा आत. नऊ वेळा. समोरच्या गॅलरीतली बाई धुणं वाळत घालायची थांबली. तिच्या दृष्टीने एक गृहस्थ बायकोला घमेल्यात बुडवतोय आणि घड्याळ बघतोय. मध्ये पडली नाही. शेजारधर्म असा राहिलाय.

निकाल : कोरडा. ठणठणीत कोरडा. अविने वहीत लिहिलं, 'गळती शून्य', खाली सही केली.

२ मार्च, सोमवार

गळला.

महिला बॅच सकाळी साडेदहाची. (ही वेळ ज्याने ठरवली त्याच्या घरी कुकर आपला आपण लागत असावा.) कपडे बदलायच्या खोलीत नेहमीसारखं तेल झालं. सुलभाकाकूंचं खातं ते. अडुसष्ट वय, मनमाडला रेल्वेत नोकरी झाली, काका गेल्यावर इथे इंदिरानगरला लेकाकडे. बाकावर बसतात, पिशवीतून खोबरेलाची बाटली काढतात आणि एकेकीला समोर बसवून थापतात. क्लोरीनने केस जातात, कातडी काळी पडते, म्हणून टाळू, कानशिलं, कपाळ, गाल. वर टोपी. नवी बाई आली की आधी तेल, मग नाव. माझ्या वाट्याला हात जरा सढळ. "तुझं डोकं फार तापतं गं, लिहितेस ना." स्वतः काकू गॉगल लावत नाहीत. उताण्या पडतात, डोळे मिटतात आणि सिग्नल नसलेल्या मालगाडीसारख्या एका जागी तरंगत राहतात.

तर गॉ. २. अर्ध्या लॅपला डावीकडून. पट्टा आवळला, तर उजवीकडूनही. आणखी आवळला. घरी आले तेव्हा डोळ्यांभोवती दोन वर्तुळं. अवि म्हणाला, कुणी मारलं?

५ मार्च

सदर पाठवलं. विषय : नाक. गॉगल करणाऱ्यांनी ज्या नाकावर माप घेतलं ते नाक गोदावरीच्या खोऱ्यातलं नाही. आमचं नाक खोचक, मध्येच उंचवटा, कुठे नको तिथे खुपसायला सोयीचं. त्या नाकाला त्यांच्या रबरात जागा नाही. मेनरोडवरच्या तत्त्वज्ञालाही दोन परिच्छेद. झक्क जमलंय.

अविने वाचलं. "घरी गळत नाही, टँकवर गळतो. नाक तर दोन्हीकडे तेच नेतेस."

"टँकचं पाणी वेगळं."

"पाणी पाणीच असतं, नलिनी. तिथे काय वेगळं करतेस ते बघ."

इंजिनियर माणसाला विनोद कळत नाही. सदर तसंच गेलं.

८ मार्च, रविवार, रंगपंचमी

बायकांसाठी राखून ठेवलेल्या तासाला रहाडीवर गेले. गल्लीच्या पोटातला हौद, वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेला, आज उघडतात. आत गरम गुलाबी रंग. आमच्या शहरात एका दिवसासाठी खड्डा उकरतात, निफाडात कायमचा बुजवतात. असो.

रंग धरू नये म्हणून तोंडाला तेल चोपडलं होतं. सगळेच चोपडतात. वर गॉ. २. म्हटलं, टँकमध्ये चालत नाही तर इथे तरी बघू. धप्पा मारला, म्हणजे काठावरून थेट उडी. वर आले तर जग गुलाबी. दोन्ही डोळ्यांत रहाड. बायका किंचाळून हसल्या. एक म्हणाली, "आजी, चष्मा घालून काय बघायला गेलता खाली?"

आजी. ठीक आहे. गॉगल लावून रहाडीत उतरलेली पहिली बाई म्हणून नोंद व्हावी. आजी म्हणून तर आजी म्हणून.

९ मार्च

तोंडाचा रंग तेलामुळे उतरला. पापण्यांना तेल नव्हतं, तिथे पक्का. दोन गुलाबी वर्तुळं. पगारे मॅडमनी दारातच अडवलं : "ताई, हे गेल्याशिवाय पाण्यात नाही. सगळा टँक गुलाबी कराल."

अविने गॉगल उजेडात धरला. रबरावर गुलाबी ओघळ राहिलाय, डाव्या कानशिलाकडून आत. "इथून शिरतंय." फार आनंद झाला त्याला. कुणाची गळती सापडली की त्याचा चेहरा लग्नातल्यासारखा होतो.

१३ मार्च

सदर आलं. फोनच फोन. सगळ्यांना आपापलं नाक आठवलं. दुपारी शेठचाही. "मॅडम, तो तत्त्वज्ञ म्हणजे मीच ना?"

म्हटलं आता भांडेल. "हो."

"मग फोटो टाकायचा ना माझा. बरं, मऊ रबरचा माल आलाय. तुमच्या नाकासाठी बाजूला ठेवू?"

१७ मार्च

गॉ. ३. मऊ. वर्तुळं फिकटली, पगारे मॅडमनी सोडलं.

कोरडा!!

सहा लॅप. एक थेंब नाही. टँकच्या तळाच्या फरशा दिसतात, त्यांतली एक फुटकी आहे, पाच महिन्यांत प्रथम पाहिली. स्वतःचे हात पुढे जाताना दिसले. बरे जातात.

सांगायला काकू नव्हत्या. नातीच्या बारशाला मनमाडला गेल्यात, पाडवा करून येणार. खोलीत तेलाची पिशवी नाही तर सगळ्याच जरा पोरक्या. कुणी कुणाशी फार बोलत नाही, भराभर टोप्या घालतात.

१९ मार्च, पाडवा

काल, परवा, दोन्ही दिवस कोरडा. दादाला फोन : "विहिरीतला गाळ जरा काढून ठेव." तो हसला, पण मागच्यापेक्षा कमी.

गुढीला कडुलिंब, गाठी, आंब्याची डहाळी आणि, अवि नको नको म्हणत असताना, गॉ. ३. खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी वर बघून म्हणाले, ही कुठली पद्धत? म्हटलं, आमच्या माहेरची. आजपासून.

२३ मार्च, सोमवार

लिहू नये असं वाटतंय. म्हणून लिहिते.

काकू परत आल्या. मला पाहून पहिलं वाक्य, "शुभ कामाला कोरड्या डोक्याने निघालीस?" दुप्पट तेल. कपाळावर अंगठा टेकवून काहीतरी पुटपुटल्याही.

पहिला लॅप संपायच्या आत डावा भरला, वळताना उजवा. दीड लॅपला काही दिसेना, दोरीवर जाऊन आदळले. शिट्टी.

"ताई, गॉगल?"

मी गॉगल काढून पाणी ओतलं. सगळ्याच सांगतात.

पुढची आणि शेवटची परीक्षा १० एप्रिल. मग सुट्टीच्या बॅचेस, शिक्के जूनपर्यंत बंद. जूनमध्ये विहिरीवर पॅकहाऊस असेल आणि आत द्राक्षांच्या पेट्या.

२४ मार्च

टँकवरून तडक मेनरोड. ओल्या केसांनी, भांडायला. "तुमचा मऊ रबरसुद्धा गळतो. पाच दिवस टिकला."

शेठने गॉगल घेतला, उलटा केला, वास घेतला. माझ्याकडे बघितलं. "दाबा बरं."

दाबला. हात सोडला. गॉगल नाकावरून घसरून काउंटरवर.

शेठने टिश्यूचा डबा सरकवला. "कानशील पुसा."

पुसलं. टिश्यू पारदर्शक झाला, भज्यांखालच्या कागदासारखा.

"मॅडम, तेलावर रबर बसेल का? गॉगल घालताय का वडे तळताय?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोन्ही मनसोक्त हसली. शेठने मला कपाळ, कानशिलं, गाल पुसायला लावले, पुन्हा दाबायला सांगितलं. चिकटला. जोरात मान हलवली तरी चिकटलेला.

"आणि मॅडम, आता हेही छापा."

घमेल्यात कोरडा, कारण तेल नाही. रहाडीत गळका, कारण तेल. काकू मनमाडला, कोरडा. काकू परत, गळका. महिनाभर समोर होतं. चाळीस ओळी नाकावर लिहिल्या आणि उत्तर माझ्याच कानशिलावरून ओघळत होतं.

२५ मार्च

संपादकांना फोन केला, खुलासा लिहू का? म्हणाले, "बाई, नाकाच्या लेखाला पोतंभर पत्रं आलीत. आता त्यात सत्य आणू नका."

अविने वही उघडून 'गळती शून्य'च्या खाली रेघ मारली, एवढंच. बोलला असता तर बरं झालं असतं.

पण खरं लिहायचं तर दुसरंच आहे. वही माझी आहे, कुणी वाचत नाही.

काकूंना सांगायचं कसं. 'तेल नको' म्हणायला किती लागतं? दोन शब्द. मंत्र्यांना, महापौरांना, साहित्य संमेलनाध्यक्षांना मी याहून वाईट दोन शब्द सुनावलेत. पण आई गेल्याला नऊ वर्षं झाली आणि तेव्हापासून माझ्या टाळूवर कुणी हात ठेवला नव्हता. त्या बाकावर बसते तेव्हा मी डोळे मिटते. गॉगल गळतो हे मला कळत होतं. का गळतो हे कदाचित मी…

पुरे.

३० मार्च, सोमवार

पाच दिवस टाळलं. आधी ताप सांगितला, मग पाहुणे. आज गेले. काकूंनी बाटली उघडली, मी म्हटलं, "काकू, मला नको. तेलाने गॉगल गळतो."

बोलायचं होतं ते मऊ, निघालं ते सदरासारखं. लगेच कोपऱ्यातून एक, "अय्या, म्हणून माझाही गळतो होय!" आणि दुसरी, "माझाही!" दोन मिनिटांत सगळ्या रुमालांनी कानशिलं पुसायला लागल्या.

काकूंनी बूच लावलं. घट्ट. बाटली पिशवीत, पिशवी खांद्याला. "बरं झालं सांगितलंस. मला कुठे माहीत, मी काय गॉगल लावते." पाण्यात उतरल्या नाहीत. गेल्या.

आज एकही थेंब आत आला नाही. आठ लॅप.

६ एप्रिल

आठवडा झाला, काकू नाहीत. सगळ्या बॅचचे गॉगल कोरडे. खोलीत बोलणं एवढंच : तुमचा कुठल्या कंपनीचा, माझा कुठल्या कंपनीचा.

८ एप्रिल

इंदिरानगरला गेले. काकू मेथी निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, मीच बसले, मीही जुडी घेतली.

"काकू, टँकवर या."

"येऊन काय करू?"

"पोहा."

"मला कुठे पोहता येतं? तरंगते नुसती." काड्या मोडत राहिल्या. "पहिल्या दिवशी आले तेव्हा कोणी ओळखीचं नव्हतं. एकीचे केस फार कोरडे दिसले, म्हटलं लावू का तेल? ती बसली. मग दुसरी. तेवढ्यावर तीन वर्षं झाली माझी. आता नुसतं जाऊन बाकावर बसू?"

मी जुडी खाली ठेवली. "पोहून झाल्यावर लावा ना. नंतर."

"ओल्या डोक्याला तेल? सर्दी होऊन मराल सगळ्या."

"मेलो तर मेलो."

"जिभेला हाड नाही तुझ्या." पण हसल्या थोड्या. निघताना विचारलं, परवा परीक्षा आहे, याल ना? "बघते," म्हणाल्या. देठ जास्त ठेवलेस म्हणून माझी निवडलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली.

१० एप्रिल, शुक्रवार

टोपी घालणार तेवढ्यात दारात काकू. साडी, पर्स, कॉश्च्युमची पिशवी नाही. सरळ माझ्यासमोर. "शकुनापुरतं," म्हणाल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत टाळूवर एक बोट. एकच. पण काकूंचं बोट म्हणजे इतरांची वाटी.

पुसता आलं असतं. रुमाल हातात होता. नाही पुसलं. टोपी घातली, गॉ. ३ दाबला, गेले.

पहिला लॅप, कोरडा. वळले. दुसऱ्याच्या पावावर डाव्या कानशिलाला ऊब, मग गार. आलं. ओळखीचा थेंब, ओळखीचा चमचा. अर्ध्यावर डावा भरला. दोरी हाताच्या अंतरावर. प्रत्येक वेळी इथेच थांबलेय.

तेव्हा डोक्यात आलं, की विहिरीत दोरी कुठे आहे? आणि गळतोय तर गळू दे! महिनाभर गॉगल धरून बसले. गळका डोळा मिटला, नीट असलेला उघडा ठेवला, आणि एका डोळ्याने फुटक्या फरशीवरून पुढे गेले. वाकडी गेले. शेजारणीला लाथ बसली बहुतेक. पण हात भिंतीला लागला तेव्हाच थांबले.

पगारे मॅडम वाकून : "ताई, गॉगल भरलाय तुमचा."

"सगळ्यांचाच भरतो."

शिक्का. जांभळा, थोडा फिसकटलेला. काकू काठावर टाळ्या वाजवत होत्या, बोटं अजून तेलकट. बाहेर आल्यावर मला ओल्या डोक्यानेच समोर बसवलं. "सर्दी झाली तर मला सांगायचं नाही." माझ्यामागे रांग लागली. सगळ्या ओल्या, शिंकणाऱ्या. काकू म्हणाल्या, "ढकलू नका गं, बाटली आहे अजून."

१२ एप्रिल

दादाला शिक्क्याचा फोटो पाठवला. तासाभराने फोन.

"शिक्का खरा हाय ना?"

"दादा!"

"बरं बरं. ये शनिवारी. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलंय, विहीर निम्मी भरलीय. पण कमरेला दोर बांधायचा."

"दोर नाही."

"मग उतरायचं नाय."

"तुला आबांनी दोर बांधला होता?"

"मला डबा होता."

"तिसऱ्या दिवशी सुटला होता. मी बघितलाय. कपडे माझ्याकडे होते."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "त्या दिवशी मी लय पाणी प्यालो होतो, नले. रडलोही होतो. तू काठावरून बघत होती म्हणून कोणाला बोललो नाय."

हे त्याने आजवर कधीच सांगितलं नव्हतं. दोराचं तसंच राहिलं.

१८ एप्रिल, शनिवार. निफाड

विहिरीच्या काठावर बसून लिहितेय. सकाळचे नऊ. ऊन पाण्यापर्यंत पोचलंय. पलीकडे उद्याच्या नारळासाठी चुन्याची फक्की मारलीय, त्याच्या मागे जेसीबी उभा. वहिनीने चहा आणला आणि "वन्सं, खरंच?" एवढं विचारून तिथेच बसली. अवि पायऱ्या मोजून आला. एकवीस, त्यांतल्या दोन सैल, कुठल्या ते वहीत लिहून घेतलंय.

पाणी हिरवं. तळ दिसत नाही. टँकमध्ये तळ दिसतो, ही फार मोठी गोष्ट आहे हे इथे कळलं. घाबरलेय. लिहून ठेवते, नाकारत नाही.

काकूंनी बाटली दिलीय, लहान, वर रबर बँड. "नंतर," म्हणाल्या. थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचं पाणी पडायच्या, दगडावर ठेवलीय. डोकं आज कोरडं. गॉ. ३ सकाळी तीनदा दाबून बघितला, तीनदा चिकटला. आत गेल्यावर काय करेल ते त्याचं त्याला माहीत.

दादा दोर घेऊन आलाय. म्हशीचा आहे. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. शेवटी दोर थारोळ्यावर ठेवला, बाटलीशेजारी. "असू दे तिथं," म्हणाला. "बांधत नाय. असू दे."

मग जवळ आला आणि हात पुढे केला. "दे."

"काय?"

"कपडे. टॉवेल. ते घड्याळ. काय काय असंल ते. कोणीतरी धराया पायजे का नाय?"

दिलं. टॉवेल, घड्याळ, चपला. उरला चष्मा. तो काढला की मला या पानावरचं दिसणार नाही, म्हणून इथेच